पान त्रेचाळीसची तळटीप

"पान त्रेचाळीस," एक्स्टर्नल म्हणाले. "हा मुद्दा कुठून उचललाय?"

मनीषानं ते पान उघडलं. मी तिच्या शेजारी बसलेले, आणि तो मुद्दा कुठून आला ते मला चांगलं ठाऊक होतं.

एक्स्टर्नल म्हणजे बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक. एम.ए.च्या शेवटी एक छोटा प्रबंध लिहावा लागतो. मनीषाची गाईड मी होते, जालन्याच्या एका कॉलेजात मराठीची प्राध्यापक. तिचा विषय होता एका आधुनिक कादंबरीचा पर्यावरणाच्या अंगानं अभ्यास. म्हणजे काय, हे मला मस्तगडातली आमची भाजीवालीसुद्धा विचारायची. तिला सांगायचे, "माणसं जरा बाजूला सारायची आणि गोष्टीत जमिनीचं, पाण्याचं, जनावरांचं काय झालं ते बघायचं." ती म्हणायची, "मंग त्याला कॉलेज कशाला लागतंय?"

कादंबरीचं नाव सांगत नाही. लेखक हयात आहेत आणि चिडके आहेत. पहिल्याच प्रकरणात गावात मेंढ्यांचा कळप येतो. धूळ, घंटा, कलती उन्हं. मी ते पान बावीस वर्षं शिकवलं. 'अप्रतिम निसर्गवर्णन' म्हणायचे, आणि खरं सांगते, दरवर्षी ते पान दोनदा वाचून दाखवायचे.

मनीषाचं गाव मंठ्याकडं. घरात अजून मेंढ्या आहेत. तिनं ते पान वडिलांना, मारोतीमामांना, वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "बराबर हाये. पर मेंढ्या बसवल्या कोणाच्या वावरात?"

पीक निघालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो. कळप चार-आठ दिवस मोकळ्या रानात मुक्कामी ठेवतात, जमिनीला लेंडीखत मिळतं, माती भुसभुशीत राहते. ह्याला मेंढ्या बसवणं म्हणतात. मनीषा हा प्रश्न घेऊन पुन्हा पुस्तकात शिरली. मधल्या भागात गावात विहिरी होतात, रान बारा महिने पिकाखाली जातं, आणि एका ओळीत मेंढपाळाला बांधावरून परत पाठवतात. एकाच ओळीत! त्यानंतर मेंढ्या नाहीत, खताच्या गोण्या आहेत. शेवटच्या पानावर नायक ढेकूळ उचलतो आणि ते हातानं फुटत नाही. आम्ही सगळे लिहीत आलो की त्याचं मन दगड झालंय.

"मॅडम, मनाचं ऱ्हाऊ द्या," मनीषा म्हणाली होती. "ढेकूळ का फुटत न्हाई ते बघा ना. मेंढ्या परत पाठवल्या तिथंच ते ठरलंय."

मी थक्क झाले. पोरीला चहा पाजला. आणि मग माती खाल्ली. तिनं त्या मुद्द्याखाली तळटीप दिली होती, वडिलांच्या नावाची. मी लाल पेनानं ती काटली. "प्रबंधात वडील चालत नाहीत. पुस्तकाचं नाव टाक."

"पण त्यांनीच सांगितलंय, मॅडम."

"काढ म्हटलं ना!"

पुस्तकात असतं तर टाकलं असतं बिचारीनं. कुठंच नव्हतं. मुद्दा संदर्भाशिवाय तसाच उघडा राहिला.

"आजकाल मोबाईल सगळं लिहून देतो," एक्स्टर्नल म्हणाले. "संदर्भ दाखवा, नाहीतर मी हे नापास करतो."

नापास म्हणजे वर्ष गेलं, आणि त्या घरातली पहिली एम.ए. व्हायची राहिली. मनीषानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. माझं नाव घ्यायला तयार नव्हती वेडी. ते मला फार लागलं.

"सर, संदर्भ होता," मी म्हणाले. "मी काढला."

"का?"

"मेंढपाळाचं नाव खाली कसं दिसेल, म्हणून. लाज वाटली मला."

स्टाफरूममधून जुना कच्चा खर्डा आणला. तळटीप, तिच्यावर माझी लाल रेघ, वर माझी सही. त्यांनी दोनदा वाचलं. मग मनीषाला पुस्तक उघडायला लावून अर्धा तास उलटसुलट विचारलं. ती पान काढून देत गेली, आणि तिची मान हळूहळू वर आली.

"कॉपी म्हणून नापास करणार होतो," ते शेवटी म्हणाले. "आता कुणाला करू, मॅडम?"

तळटीप परत घालायच्या अटीवर मनीषा पास झाली. चांगल्या मार्कांनी.

मारोतीमामा प्रबंध बघायला कॉलेजात आले. तळटिपेतलं आपलं नाव त्यांनी दोनदा वाचून घेतलं. मी माफी मागितली, तर म्हणाले, "त्याचं काय न्हाई, बाई. पर त्या लिवणाऱ्याला इचारा, मेंढ्या बसवल्या कोणाच्या वावरात. त्यानं आजून सांगितलं न्हाई."

लाल पेन मी अजून वापरते. तळटिपेपाशी आलं की टोपण लावते.