तीन नंबरची पट्टी

आमच्या घशाच्या दवाखान्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या बाई या महिनाअखेरीला निवृत्त होत आहेत. त्यांच्याबद्दल दवाखान्याच्या अंकासाठी दोन पानं लिहून द्या, असा मला निरोप आला. मी नोकरीभर दुसऱ्यांनी लिहिलेले कागद फायलींना लावले, स्वतः लिहायची वेळ फारशी आली नाही. नाही म्हणणार होतो. पण एक गोष्ट अशी आहे की ती मी लिहिली नाही तर कुणालाच कळणार नाही. म्हणून बसलो आहे. जमेल तसं सांगतो.

बाईंना सगळे ‘थांबाबाई’ म्हणत. कुणी धापा टाकत आलं, “बाई, कॉम्प्युटर अडकलाय, बंद करून चालू करू का?” की त्या आधी म्हणत, “थांबा.” मग चष्मा लावत, मग खुर्ची ओढत, आणि मग विचारत, “अडकायच्या आधी काय केलंत?” निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच सुटत असे. त्यांच्या यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. ते एकदा मला म्हणाले, “काका, घड्याळं चालू करायचं काम माझं, माणसं थांबवायचं हिचं.”

बाई आल्या टायपिस्ट म्हणून. पुढे सर्व्हर आला. तो बसवणारा माणूस दोन दिवसांत सगळं घडाघडा सांगून गेला. आम्ही माना डोलावल्या, बाईंनी वही काढली. चौकटीच्या कागदाची, जाड पुठ्ठ्याची वही. सर्व्हरच्या कपाटात एका ओळीत सहा खण होते आणि प्रत्येक खणात एक डिस्क. डावीकडून कितव्या खणात कुठली डिस्क, तिच्यावर छापलेला लांबलचक नंबर काय, ती कधी आली, हे सगळं वहीत होतं. डिस्क बदलली की जुन्या नंबरावर एक रेघ, खाली नवा नंबर आणि तारीख.

ती खोली पूर्वी चादरी ठेवायची होती. भिंतीवर फळ्यांच्या खुणा अजून आहेत. माझी फायलींची खोली शेजारीच. उन्हाळ्यात मी काही ना काही निमित्त काढून तिकडे जायचो, कारण दवाखान्यात सगळ्यात गार हवा त्या खोलीत असे. बाई ओळखून होत्या. “या काका, बसा. मशीनसाठी गार केलंय, पण ते काही कुरकुरणार नाही,” म्हणायच्या.

एकदा मुलीच्या बाळंतपणासाठी बाई महिनाभर रजेवर गेल्या. मी खोलीत बसलेलो असताना ते सहा खण रोज डोळ्यांसमोर. सारखे दिसणारे सहा खण आणि एकावरही नंबर नाही, हे फायली लावणाऱ्या माणसाला बघवत नाही. माझं अक्षर बरं आहे असं लोक म्हणत. मी सहा पट्ट्या कापल्या, एक ते सहा आकडे शाईने काढले, वरून चिकटपट्टी लावली. बाई परत आल्या, कपाटाकडे पाहून म्हणाल्या, “अरे वा, कपाट सजलंय!” कुणी सजवलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मनातून मात्र खूश होतो.

आता त्या सर्व्हरमध्ये काय होतं ते सांगायला हवं. ज्यांचा आवाजाचा अवयव काढावा लागणार, अशा रोग्यांना आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी बोलावतात आणि त्यांच्याकडून हजारभर वाक्यं वाचून घेतात. पुढे त्यांच्यासाठी एक यंत्र तयार होतं. त्यात लिहिलं की ते त्या माणसाच्याच आवाजात बोलतं. ऑपरेशन झाल्यावर वाक्यं पुन्हा घेता येत नाहीत. घ्यायला आवाजच उरलेला नसतो.

ज्या आठवड्याची ही गोष्ट, त्या आठवड्यात असे रोगी म्हणजे शिंपीमामा होते. त्यांच्या बायकोची नजर काही वर्षांपूर्वी गेलेली. म्हणजे ऑपरेशननंतर इतर रोगी पाटीवर लिहून दाखवतात तेही मामांना चालणार नव्हतं. रविवारी आणि सोमवारी त्यांनी वाक्यं वाचली. आमची वाक्यं संपल्यावर म्हणाले, “आता माझी घ्या.” आणि स्वतः लिहून आणलेला कागद काढला. पायरी आहे, पाय उचल. चहा गार होतोय. मी इथेच आहे. अशी शंभरेक वाक्यं. मंगळवारी ऑपरेशन झालं. त्यानंतर मामी खाटेशी बसायच्या आणि मामा त्यांच्या तळहातावर टिचकी मारायचे, एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. मामी नर्सला सांगायच्या, “बघा हो, चाळीस वर्षांत मला इतक्यांदा नाही म्हणायची यांची हिंमत नव्हती.”

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला बाईंच्या खोलीतून टूंटूं आवाज यायला लागला. मी गेलो. बाई स्क्रीनसमोर होत्या. “एक डिस्क गेली,” म्हणाल्या. घाबरलेल्या नव्हत्या. त्यांनी मला पूर्वी समजावलं होतं की सहा जणांनी मिळून सगळं लक्षात ठेवलेलं असतं. एक जण गेला तर उरलेले पाच जण मिळून त्याचा भाग सांगू शकतात. पण आणखी एक गेला तर कुणालाच काही सांगता येत नाही.

“पण दुसरीकडे प्रत असते ना?” मी विचारलं.

“शनिवारी घेते. शनिवारपर्यंतचं सगळं आहे. शिंपीमामा रविवारचे.”

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. त्यांचीही अडचण होती. उद्या ऑपरेशन असलेल्या एक रोगी बाई आवाज देण्यासाठी येऊन बसल्या होत्या आणि आमच्या बाईंनी नवं काही घेणं थांबवलं होतं.

“बाई, किती वेळ?”

“सांगते. थांबा.”

“थांबायला वेळ कुठाय? स्क्रीनवर स्वच्छ लिहिलंय, खण तीन निकामी. नवी डिस्क आहे ना?”

“आहे.”

“मग ओढा आणि घाला. मशीन बंदसुद्धा करावं लागत नाही असं तुम्हीच सांगता. काका, तुम्ही कपाटापाशीच आहात. काढा तो तीन नंबर.”

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मी केलं नाही, असं माझ्या नोकरीत झालेलं नाही. मी माझ्या हाताने लिहिलेला तीन शोधला आणि त्या खणाचा खटका दाबला. खणाची मूठ टक्कन बोटभर बाहेर आली. डिस्क अजून जागेवर होती, नुसती ओढायची बाकी. तेवढ्यात बाईंचा गार हात माझ्या हातावर आला.

“काका, थांबा.”

त्यांनी मूठ हळूच आत दाबली. मग वही उघडून स्क्रीनसमोर धरली. गेलेल्या डिस्कचा लांब नंबर स्क्रीनवर होता. त्या बोट ठेवून एकेक आकडा वाचत गेल्या. “वहीप्रमाणे ही डावीकडून चौथी आहे.”

“आणि पट्टीवर तर तीन लिहिलंय,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे वही आणि पट्टी यांतलं एक चुकलंय.”

“हो. म्हणून कुणाचंच ऐकायचं नाही. मशीनलाच विचारू. पण त्याच्या आधी शिंपीमामांना बाहेर काढते.”

त्यांनी एक वेगळी डिस्क जोडली आणि रविवारपासूनचं सगळं तिच्यावर उतरवायला लावलं. आवाजाबरोबर चेहऱ्याचं चित्रणही असतं, त्यामुळे वेळ लागत होता. बाई म्हणाल्या, “आता खणांवरचे दिवे बघा.” प्रत्येक खणावर बारीक हिरवा दिवा होता. डिस्क वाचली जात असली की तो लुकलुकतो. पहिला लुकलुकत होता, दुसरा, तिसरा. चौथा काळा. पाचवा आणि सहावा लुकलुकत होते.

पंचवीस मिनिटं आम्ही तिघं दिवे बघत उभे होतो. मला फक्त तिसरा दिसत होता.

प्रत झाली तेव्हा बाईंनी ती उघडून मधलंच एक वाक्य लावलं. मामांचा आवाज आला, जरासा घोगरा, “पायरी आहे, पाय उचल.” मग त्यांनी चौथा खण ओढला, डिस्कवर छापलेला नंबर वहीशी पुन्हा ताडून पाहिला आणि नवी आत सरकवली.

“ते मशीन शून्यापासून मोजतं,” त्या म्हणाल्या. “त्याचा तीन म्हणजे आपला चौथा.”

“आणि तिसरा ओढला असता तर?” डॉक्टरांनी विचारलं.

“दोन गेले असते. कदाचित परत उभं करता आलं असतं. कदाचित नाही.”

डॉक्टर लाल झाले. “या पट्ट्या लावल्या कुणी?”

मी तिथेच होतो. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. मी फरशीकडे बघत राहिलो.

बाई म्हणाल्या, “कपाट माझ्या ताब्यात आहे डॉक्टर. तपासायच्या मी होत्या, राहून गेलं.”

त्या दिवशी आलेल्या बाईंचा आवाज त्यांनी वेगळ्या कॉम्प्युटरवर घेतला. नवी डिस्क भरायला संध्याकाळचे सहा वाजले. तोवर त्या स्टुलावर बसून होत्या, डबाही तिथेच खाल्ला. कुणी दार उघडलं की म्हणायच्या, “हळू. पाच जण सहाव्याला सगळं शिकवतायत.”

सोमवारी मोठ्या डॉक्टरांचा कागद माझ्याकडे आला. नोकरांच्या फायलीही माझ्याकडेच असत. बाईंच्या फाइलला लावायची नोंद होती: ‘खणांचे क्रमांक तपासले नाहीत. कामात दक्षता कमी.’ मी त्याला भोक पाडलं आणि फाइलला लावला. डॉक्टरांच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा आत कुणीतरी होतं. कुणी नसतं तरी मी आत गेलो असतो का, हे मला सांगता येत नाही.

महिन्याभराने शिंपीमामांचं यंत्र तयार झालं. बाई मला बोलावून घेऊन गेल्या. मामांनी बराच वेळ बोटं चालवली आणि यंत्र म्हणालं, “मी इथेच आहे.” मामींनी मान आवाजाकडे वळवली. मग म्हणाल्या, “हेच आहेत. पण ‘आहे’ जरा ओढून म्हणतात, तेवढं नाही आलं.” मामांनी त्यांच्या तळहातावर दोन टिचक्या मारल्या. मामी हसायला लागल्या आणि मग रडायला. बाईंनी वही काढून लिहून घेतलं: ‘आहे’ ओढून.

परत येताना जिन्यात मी बाईंना सांगितलं. “त्या पट्ट्या माझ्या होत्या.”

“माहीत आहे की,” त्या म्हणाल्या. “पाचाला अशी शेपूट दुसरं कोण काढतं?”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“तुम्ही फरशीकडे बघत होतात काका. आणि तपासायचं माझं राहिलंच होतं, ते काही खोटं नाही.” दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. “उद्या नव्या करून द्या. शून्य ते पाच. चांगलं अक्षर आहे, वाया कशाला घालवायचं?”

मी करून दिल्या. या वेळी बाईंनी एकेक खण वहीशी ताडून स्वतः चिकटवल्या. मशीनला माझा आकडा पटलेला बघून मला पगारवाढीपेक्षा बरं वाटलं.

तो कागद मात्र फाइलमध्ये राहिला. पुढे बाईंची बढती एकदा मागे पडली. या कागदामुळेच पडली असं मी म्हणत नाही, मला ते ठाऊक नाही. पण फाइल मागवली गेली तेव्हा ती काढून देणारा मीच होतो आणि तेव्हाही मी गप्प होतो. थोड्याच दिवसांनी मी निवृत्त झालो.

मोठे डॉक्टर अजून आहेत आणि अंक त्यांच्याकडे जातोच. त्यांनी हे वाचावं. बाईंच्या फाइलमधली ती नोंद अपुरी आहे. पट्ट्या मी लावल्या होत्या, न विचारता. तिसऱ्या खणाचा खटका मी दाबला होता. शिंपीमामांचा आवाज राहिला तो बाई थांबल्या म्हणून. फाइल बंद होण्याआधी हे पान त्या कागदाच्या वर लावावं, एवढी विनंती. भोक पाडायला समास सोडला आहे.