डब्यातलं देऊळ

कर्जतच्या मोबाईलच्या दुकानात तो डबा पहिल्यांदा डोळ्यांना लावला आणि मी भर दुकानात ओरडलो. तसा काळ्या प्लॅस्टिकचा जाडजूड चष्मा. पुढचं झाकण उघडून त्यात आपलाच फोन सरकवायचा, पट्टा डोक्यामागे आवळायचा. एवढ्यावर मी आकाशपाळण्यात बसलो होतो! मान वळवली की खालची जत्रा वळत होती. चित्र जरा धुरकट, फोन कपाळाशी तापलेला, तरी डबा काढवेना. दुकानदार म्हणाला, "देवळं पण हायत यात. घरबसल्या दर्शन." मी लगेच पैसे काढले.

लगेच का काढले, ते मला ठाऊक होतं. मागे खोपोलीच्या रस्त्यावर माझी मोटारसायकल घसरली आणि मी दवाखान्यात निपचित पडलो, तेव्हा आईनं घाटावरच्या आमच्या कुलदेवीला नवस बोलला होता: पोरगं पायावर उभं राहिलं की त्याला घेऊन तुझी ओटी भरायला येईन. पोरगं उभं राहिलं. रसायनीच्या कंपनीत पुन्हा शिफ्टला जायला लागलं. ओटी मात्र राहिली. कधी ओव्हरटाईम आडवा आला, कधी मित्रांची सहल. खरं सांगायचं तर मला कंटाळा यायचा; एवढा प्रवास, वर रांग. आई विचारायची, "औंदा जमंल का रं?" मी म्हणायचो, "बघू." देवाधर्माच्या बाबतीत 'बघू' म्हणजे नाहीच, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

रविवार होता; डबा घेऊन पळसदरीला घरी आलो आणि दारातूनच म्हणालो, "चल आई, तुला देवीला नेतो." तिचा चेहरा जो उजळला, तो डबा दिसेपर्यंत तसाच होता.  मग ती मोरीवर जाऊन पाय धुऊन आली, डोक्यावर पदर घेतला, आपला चष्मा काढून ठेवला. पट्टा पदरावरूनच आवळ म्हणाली. मी फोनवर आमच्या देवीचं देऊळ लावलं.

"अगं बाय! किती जवळ हाय!" तिनं हात जोडले. मला बरं वाटलं. मग ती नमस्काराला वाकली आणि चपापली.

"माजे पाय कुटं गेले रं?"

तिनं खाली पाहिलं तर देवळाची नुसती फरशी दिसत होती. त्या चित्रात बघणाऱ्याला पायच नसतात. "तसंच असतं त्यात," मी म्हणालो. एवढ्यात माझ्या सुपरवायझरचा फोन आला. गाभाऱ्यात, देवीच्या तोंडासमोर कसल्या पाट्या नाचायला लागल्या म्हणून ती गोंधळली. मी घाईघाईनं तिच्या डोक्यावरून डबा ओढला आणि अंगणात जाऊन साहेबांशी बोललो.

परत आलो तेव्हा ती पदर सारखा करत होती.

"झालं ना दर्शन?"

"झालं की."

"मग नवस फिटला म्हणायचा."

"फिटला म्हन. तुला तरी कुटं सुटी मिळतेय."

मला इतकं हलकं वाटलं की त्याची लाज वाटायलाही दुसरा दिवस उजाडावा लागला.

सकाळी पहिल्या शिफ्टसाठी आवरत होतो. आई देव्हाऱ्यापुढे दिवा लावत होती. मी न्हाणीत आहे असं तिला वाटलं असावं, कारण ती मोठ्यानं बोलत होती, शेजारणीशी बोलावं तशी.

"बाय, काल मी आलेय असं मानू नको. माजे पाय काय तुज्या दाराला लागले नाय. पोरगं भाबडं हाय, त्याला वाटलं झालं. नवस मी बोललेय, त्यानं नाय. राग आला तर माज्यावर काड. त्याला रस्त्यात संबाळ."

भाबडं! मी दाराआड उभा होतो. मी भाबडा नाही. मला सगळं कळत होतं. आत जाऊन तिचे पाय धरावेत असं फार वाटलं. पण कंपनीची बस चुकेल म्हणून मी चपला घातल्या आणि निघालो.

त्याला आता महिना होत आला. माझ्यासाठी ती रोज देवीची समजूत काढते, आणि मी अजून साहेबांकडे रजासुद्धा मागितलेली नाही.