चालेल म्हणणारी माणसं

आमच्या ताईच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं सगळे नातेवाईक म्हणतात. मला ते पटत नाही. ती चिडते ते बरोबरच असतं. फक्त ज्याच्यावर चिडायचं तो माणूस सहसा समोर नसतो, आणि समोर मी असतो.

ताई बाजारपाहणी करते. खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. कपडे कशानं धुता, कुठल्या दुकानातून घेता, वास आवडतो का, हे दारोदार विचारत फिरायचं. गल्लीतली पोरं तिला प्रश्नवाली म्हणतात. भावोजी गेले तेव्हा तिनं हे काम तात्पुरतं म्हणून धरलं, आणि तात्पुरतंच करता करता तिचे केस पांढरे झाले. कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नाही. जिथं इतरांना दाराच्या फटीतून उत्तर मिळतं, तिथं ताईला खुर्ची मिळते, पाणी मिळतं आणि सुनेची गाऱ्हाणीही ऐकायला मिळतात. घरात वाघीण, पण लोकांच्या दारात जिभेवर नुसती साखर. नव्या मुलींनाही तीच शिकवते. आधी तब्येत विचारायची, मग साबण.

मी साबणाच्या कारखान्यात, वडी विभागात. धुण्याची पिवळी वडी. यंत्रातून साबणाची लांबच लांब कांडी बाहेर येते, तारेनं तिचे तुकडे पडतात, आणि मी ठशाच्या यंत्रावर उभा. प्रत्येक वडीवर कंपनीचं नाव मी उठवलेलं. हाताचा वास जेवतानाही जात नाही. मला त्याचं काही वाटत नाही, त्याच वासावर घर चाललंय.

तर कंपनीच्या डोक्यात आलं, की वडी बंद करावी आणि बाटलीतला पातळ साबण आणावा. पातळ साबण बाहेरून टँकरनं येणार, इथं नुसत्या बाटल्या भरायच्या. म्हणजे माणसं कमी. मॅनेजरनं आम्हा सगळ्यांना जमवलं आणि म्हणाला, "आम्ही मनानं काही करणार नाही. लोकांना विचारू, लोक म्हणतील तसं." आम्ही टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या गळ्यात दोर येत असताना टाळ्या वाजवणारे आमच्यासारखे गाढव दुसरे नसतील.

पाहणीचं काम नेमकं ताईच्या संस्थेला मिळालं. मी तिच्याकडे गेलो. म्हणालो, "ताई, माझं पोट आता तुझ्या हातात आहे."

"माझ्या हातात टॅब आहे," ती कडाडली. "लोक बोलतील ते भरीन. भाऊ म्हणून एक खूणसुद्धा इकडची तिकडे होणार नाही. आणि पुन्हा असलं काही घेऊन येऊ नकोस!"

मी चिडून परत आलो. पण आतून भीती नव्हती. आमच्या वडीशिवाय शर्टाच्या कॉलरचा मळ कधी निघतो का? लोक सांगतीलच की.

लोकांनी काय सांगितलं? घरोघर फुकट बाटल्या वाटल्या, काही आठवड्यांनी पुन्हा जाऊन विचारलं, हा साबण विकत घ्याल का. टॅबवर चार उत्तरं: नक्की घेईन, बहुतेक घेईन, बहुतेक नाही, नक्की नाही. आपल्यात कुठला माणूस असं मापून बोलतो? लोक म्हणाले, "चालेल." ज्याला विचारावं तो म्हणे, चालेल. आणि ताईच्या ऑफिसातून फर्मान आलं, की चालेल म्हणजे बहुतेक घेईन समजायचं.

ताई तडक ऑफिसात गेली. तिथं काय झालं ते तिनं मला इतक्यांदा ऐकवलंय, की मी स्वतः तिथं होतो असं वाटतं.

"साहेब, चालेल म्हणजे होकार नाही हो! न्हाव्यानं केस वाकडे कापले तरी माणूस आरशात बघून चालेल म्हणतो."

"मग सरळ नाही का म्हणत नाहीत?"

"मी दारात उभी असते म्हणून! फुकटची बाटली दिलेली, त्यांचं पाणी प्यायलेली. तोंडावर नाही म्हणायला माणसाची जीभ उचलत नाही. मला बाटल्या बघू द्या. किती रिकाम्या झाल्या, ते बघून येते."

"ताई, ते ठरल्या कामात नाही. आणि मनातलं मोजायचं यंत्र कुणाकडे आहे? बोलले ते मोजायचं." साहेब तसा भला माणूस. त्यानं तिला बसायला सांगितलं, आणि मग खरं बोलला. "कंपनीला निर्णयाला आधार हवाय, बाकी काही नको."

"आधार? भिंत पडायला आली की लावतात तो टेकू?" ताई उभीच राहिली. "म्हणजे ठरवून बसलात आणि मला उन्हात फिरवलंत!"

पालथ्या घड्यावर पाणी. अहवाल गेला. त्यात रंगीत खांब होते म्हणे, आणि बाटलीचा खांब सगळ्यात उंच. कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली: ग्राहकांच्या पसंतीस मान देऊन वडी विभाग बंद करण्यात येत आहे. मान देऊन! थोडी माणसं बाटल्या भरायला ठेवली. त्यांत मी नव्हतो.

रविवारी ताई घरी आली, ती आल्यापासून बोलतच होती. साहेबावर, कंपनीवर, शेवटी लोकांवर. "खोटारडी माणसं! कुणाचं मन मोडायला नको म्हणून दुसऱ्याचं घर मोडतील!"

बायको ओट्याशी पातेलं घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "आपल्याकडेही आली होती एक मुलगी, दोन वेळा."

ताई थांबली. "कधी? कोण?"

"तुमच्या हाताखालचीच. फार गोड होती. आल्या आल्या माझ्या गुडघ्याची चौकशी केली. यांनीसुद्धा कधी केली नाही."

"आणि काय म्हणालीस तिला?"

"काय म्हणणार? एवढ्या उन्हातून आलेली. म्हटलं, चालेल."

"बाटली वापरलीस?"

"नाही हो. माळ्यावर टाकली. घरात वड्या असताना ते पाणी कोण वापरणार?"

माझं डोकं फिरलं. मी काही बोलणार, तेवढ्यात ताईनं मला हातानं गप्प केलं. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

"थांब. बाटली देण्याआधीच पहिला प्रश्न असतो, घरातलं कुणी साबणाच्या कंपनीत आहे का. हो म्हटलं की तिथंच थांबायचं, तो नियम आहे. तिनं विचारलं नाही?"

"विचारलं की."

"मग?"

बायकोनं नळ बंद केला आणि पदराला हात पुसले. "ती म्हणाली, काकू, हो म्हणालात तर ही भेट धरत नाहीत, मला पुन्हा दुसरं घर शोधावं लागेल. बिचारी घामानं भिजलेली. म्हणून म्हटलं, नाही, कुणी नाही."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही, शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. ताई तोंडाला पदर लावून खाली बसली. बायकोला अजूनही कळलेलं नव्हतं, की तिचं काय चुकलं. तिनं एका दमलेल्या मुलीचं काम सोपं केलं होतं, बस.

आता कंपनीच्या त्या पाहणीत कायमचं नोंदलेलं आहे, की आमच्या घरात साबणाच्या कंपनीत कुणी नाही. ती मुलगी लिहीत होती, तेव्हा ते खोटं होतं.