बर्फ बघायला गाडी गहाण

आमच्या ऑफिसात एक ड्रॉवर आहे, त्यात फक्त चाव्या. लोक गाडी तारण ठेवतात, दोन्ही चाव्या देतात, लोन फिटलं की आनंदाच्या भरात गाडी नेतात आणि एखादी चावी, पावती-बिवती, काहीतरी इथेच विसरतात. एकेक चावी उचलली की तिच्यामागे एकेक किस्सा लोंबकळत येतो. डोंबिवलीला आम्ही मैत्रिणी चहाला जमलो की पहिला प्रश्न ठरलेला: "सायली, आज कुठली चावी?"

आज भोईरकाकांची. या एकाच चावीला इतके किस्से चिकटलेत की रिंग तुटेल.

आधीच सांगते, मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. आई शिट्टी व्हायच्या आधी मला हाक मारून सांगते, "आता होणारे हं." त्यामुळे पुढे मी जिथे जिथे किंचाळलेय, तिथे तुमच्यातलं कोणीही किंचाळलं असतं असा माझा दावा नाही.

*

आमचं ऑफिस कल्याण पश्चिमेला, एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर. दिवसभर खालून ड्रिलचा आवाज. मला लागून दीड महिना झालेला, प्रोबेशन चालू. आणि एक दिवस खाली हॉर्न वाजला.

हॉर्न कसला, हत्ती! माझ्या हातातला चहा कीबोर्डवर. खालचं ड्रिल बंद. खिडकीतून बघते तर डेंटिस्टचा पेशंट गळ्यातला निळा कागद तसाच ठेवून, तोंडात कापूस धरून रस्त्यावर आलेला! समोर एक गाडी. मोरपंखी रंगाची, होडीसारखी लांब, मागे दोन पंख. तशी गाडी मी फक्त जुन्या कॅलेंडरवर बघितलेली.

त्यातून पांढऱ्या शर्टातले भोईरकाका उतरले आणि मागच्या दारातून काकू. खडवलीच्या पुढचं त्यांचं गाव. काका वर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हिच्यावर लोन पायजे. आमच्या हिला बर्फ दाखवायचाय."

प्रधान सर म्हणजे आमचे मॅनेजर. ठाण्याहून येतात, उन्हाळ्यातही टाय लावतात, आणि बोलणं एकदम पुस्तकातलं. त्यांनी विचारलं, "आपली तर जमीन आहे असं दिसतं. मग गाडी का?"

"साहेब, जमिनीवर अकरा नावं हायत. अकरातले दोन एकमेकांशी बोलत नाय. माझ्या एकट्याच्या नावावर दोनच गोष्टी, ही गाडी आणि ही."

"मी नाय कोणाच्या नावावर," काकू म्हणाल्या. "आणि साहेब, नीट ऐका. लग्नाला तेहतीस वर्षं झाली. दर वर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. गाडीला नवीन टायर आले, सीटकव्हर आलं, दोनदा रंग झाला. माझं पुढचं वर्ष काय आलं नाय. यंदा नाय गेलो तर मी बघते."

सरांनी घाईनं फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मी फॉर्म भरायला घेतला. कर्जाचं कारण. आमच्या सिस्टीममध्ये फिरायला जाण्याचा पर्यायच नाही. धंदा, आजारपण, शिक्षण, घरदुरुस्ती, विवाह. मी घाबरून सरांकडे बघितलं. सर यादी दोनदा वाचून म्हणाले, "विवाह टाका."

काकू ताडकन उठल्या. "परत? यांच्याशीच?"

*

मग व्हॅल्युएशन. व्हॅल्युअरनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, टॉर्च घेऊन खाली शिरले, आणि सिस्टीममध्ये गाडीचं वय टाकलं. सिस्टीमनं दर वर्षाची घट कापत कापत आकडा काढला. भंगाराचा. काकांनी स्क्रीन बघितली आणि छातीवर हात ठेवला. मी पाणी आणायला धावले.

"एवढ्यात तर तिचा हॉर्न पण येत नाय!" काका पाणी न पिताच म्हणाले.

जुन्या दुर्मिळ गाड्यांचा वेगळा तक्ता असतो, तो मागवला, आकडा सुधारला, काकांचा श्वास परत आला. मला सांगितलं, आतले फोटो काढ. मी मागचं दार उघडून सीटवर वाकले आणि सीटनं माझ्या तोंडावर झडप घातली!

मी रस्त्याच्या मधोमध. रिक्षावाले थांबलेले. कोंबडी होती. सीटच्या कोपऱ्यात तिचं ऊबदार अंडंही.

काकांनी शांतपणे तिला उचललं, काखेत धरलं आणि सरांना म्हणाले, "ही गहाण नाय हां. लिहून घ्या."

सरांनी लिहून घेतलं. खरंच! करारपत्राच्या शेवटच्या पानावर ते वाक्य आजही आहे.

*

अशा गाड्या आम्ही मालकाकडे ठेवत नाही, आमच्या गोदामात ठेवतो. गोदाम शहाडला. मोठं कंपाउंड, पत्र्याची शेड आणि गेटवर वॉचमन शिंदेमामा. गाडी सोडायला काका-काकू येणार होते. आलं अख्खं गाव! टेम्पोतून उतरल्या बायका. नारळ, हळदकुंकू, आरती. एक आजी बॉनेटवर डोकं ठेवून रडायला लागली. मलाही रडू आलं, का ते माहीत नाही.

कागदावर सह्या झाल्या. मी विचारलं, "दुसरी चावी?"

"ती हरवली," काका म्हणाले. "हिनंच हरवली. तेवीस वर्षं झाली."

काकू बशीत चहा फुंकत होत्या. फुंकत राहिल्या.

मग काकांनी अट घातली. गाडी एका जागी उभी राहिली तर जाम होते, म्हणून दर रविवारी पंधरा मिनिटं इंजिन चालू करायचं. सर म्हणाले, "योग्य आहे. नियमात बसतं. सायली करेल, आणि मीटरचं रीडिंग रजिस्टरमध्ये लिहील."

"सर, मला स्कूटीपण सरळ येत नाही!"

"चालवायची नाही. फक्त चालू करायची. आणि सायली, तुझं कन्फर्मेशन या गाडीच्या सुखरूप परतीवर अवलंबून आहे, असं समज."

मी असंच समजले. झोप गेली.

काकांनी मला कानात सांगितलं, "चावी फिरवायच्या आधी बोलायचं, उठ गो बाय. नाय बोललीस तर नाय उठायची."

मी बीकॉम झालेली मुलगी. पहिल्या रविवारी चावी फिरवली, खर्रर्र, बंद. पुन्हा, बंद. नऊ वेळा! दहाव्या वेळी मी आजूबाजूला बघितलं, शिंदेमामा पेपरात आहेत याची खात्री केली आणि पुटपुटले, "उठ गो बाय."

उठली! मी इतकी दचकले की हात हॉर्नवर पडला. शहाड स्टेशनवरून माणसं बघायला आली म्हणे.

*

काका-काकू गेले हिमाचलला. तिसऱ्याच दिवशी, रविवारी, मी गोदामात असताना व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर काकांचं फक्त नाक, कानटोपी आणि मागे पांढरंशुभ्र सगळं.

"सायली, चालू केलीस? आवाज ऐकव."

मी फोन बॉनेटजवळ धरला. काकांनी डोळे मिटले. मागे हिमालय उभा आणि हा माणूस डोळे मिटून इंजिन ऐकतोय!

मागून काकूंचा आवाज, "अहो, इकडं बघा, पडतोय बर्फ!"

"थांब गो, जरा खोकतेय ती."

"सायली," काकू ओरडल्या, "यांना सांग, बर्फ या बाजूला हाय!"

मी सांगणार, तेवढ्यात स्क्रीन पांढरी झाली आणि मी किंचाळले. काकूंनी बर्फाचा गोळा फेकलेला, नेम थेट फोनवर. पांढऱ्या स्क्रीनमधून काकांचा एवढाच आवाज आला, "लागलं ना, ए!" आणि काकूंचं हसणं. बराच वेळ. इंजिन चालूच होतं.

*

आता खरी धडधड.

ते परत आल्यानंतरच्या महिन्यात एका रविवारी मी रीडिंग लिहायला गेले तर मागच्या रविवारपेक्षा दोन किलोमीटरनी जास्त. वाटलं, माझीच चूक. पुढच्या रविवारी अजून तीन. गाडी कुलपात, चावी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची चावी माझ्या पर्समध्ये!

आणि सीट. सीट पुढे सरकलेली. आरसा खाली वळवलेला. मी बसले तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. कोणीतरी माझ्याहून बुटकं इथे बसून गेलेलं.

"मामा, कोण आलेलं?"

"कोन नाय," शिंदेमामा म्हणाले. त्यांच्या टेबलावर सुकटीची पुडी होती, मोठी. घमघमाट सुटलेला.

"मग गाडी चालली कशी?"

"जुनी गाडी हाय. जुन्या गाड्यांचं काय सांगता येतं?"

आईला सांगितलं तर ती म्हणाली, नोकरी सोड. सरांना सांगायची हिंमत नव्हती. मी दर रविवारी खरं रीडिंग लिहायचे, पण इतक्या बारीक अक्षरात की वाचायला भिंग लागावं. आणि गाडीत बसण्याआधी मागच्या सीटखाली वाकून बघायचे. कोंबडी असती तरी बरं वाटलं असतं.

एकदा वाटेत काकूच भेटल्या, शहाड स्टेशनबाहेर, हातात पिशवी, पिशवीला सुकटीचा वास. मला बघून त्याच दचकल्या!

"दर गुरुवारी येते गो, देवळात," त्या म्हणाल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. म्हटलं, बिचाऱ्या घाबरतील.

*

मधे लग्न आलं. भोईरांच्या गावात कोणाचंही लग्न असो, नवरदेव याच गाडीतून मांडवात जातो. काकांच्या वडलांपासूनची पद्धत. आणि लोन घेताना काका नेमके विसरलेले की पुतण्याचं लग्न याच वर्षी आहे! वीसेक माणसं ऑफिसात. खालच्या डेंटिस्टनं भीतीनं शटर अर्धं ओढलं.

"नवरा काय रिक्षानं जाईल?" पुतण्याचा मामा म्हणाला.

प्रधान सर टाय नीट करत म्हणाले, "कर्ज फिटेपर्यंत गाडी गोदामाबाहेर जाणार नाही. नियम म्हणजे नियम."

काका मान खाली घालून बसलेले. तेव्हा काकू म्हणाल्या, "गाडी भायेर जायाची नाय ना? मग नवरा आत जाईल."

आणि गेला! भर दुपारी बँजोपार्टीसकट वरात शहाडच्या गोदामात. नवरदेव फेटा सांभाळत मागच्या दारातून गाडीत बसला, पाच मिनिटं उभ्या गाडीत फोटो झाले, अक्षता पडल्या, आणि दुसऱ्या दारातून उतरून तो भाड्याच्या गाडीनं मांडवात गेला. गाडी इंचभरही हलली नाही. मी रीडिंग दोनदा तपासलं.

रजिस्टरमधून मान वर केली तर बँजोसमोर हात वर करून नाचणारा एक माणूस. गळ्यात टाय. मी डोळे चोळले.

"सर?"

"आवारातच आहे मी, सायली," सर नाचत म्हणाले. "नियमात बसतं."

*

आणि शेवटचा दिवस. लोन फिटलं. काका नवा शर्ट घालून, हार घेऊन गोदामात आले. काकू बरोबर. सरांनी रजिस्टर उघडलं. सरांनी खिशातून भिंग काढलं. खरंखुरं भिंग!

"सायली, ही गाडी वर्षभर कुलपात होती."

"हो सर."

"मग ही एकसष्ट किलोमीटर जास्त कशी चालली?"

काकांचा चेहरा उतरला. "एकसष्ट? कोन चालवत व्हता माझी राणी?"

शिंदेमामा पत्र्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर कन्फर्मेशनचं पत्र फाटत होतं. मी काकांपुढे हात जोडले. "काका, देवाशपथ, मला स्कूटीपण..."

"तिला काय विचारता?" काकू म्हणाल्या.

आणि त्या चालत गाडीकडे गेल्या. मागच्या दाराशी नाही. पुढच्या, उजव्या दाराशी. उघडलं, बसल्या. खालची कडी न बघता ओढून सीट पुढे सरकवली. आरसा खाली केला. कमरेला खोचलेल्या छल्ल्यातून घरच्या, कपाटाच्या, पेटीच्या चाव्या बाजूला सारत एक काळपट चावी काढली.

काकांची चावी माझ्या हातात तशीच.

"उठ गो..." काका सवयीनं पुटपुटायला लागले. त्यांचं बोलून व्हायच्या आत इंजिन चालू झालं होतं.

होडीएवढी ती गाडी काकूंनी शेडमधून मागे काढली, एका दमात वळवली, शिंदेमामांच्या स्टुलाला वळसा घातला आणि डावं दार बरोब्बर काकांसमोर आणून उभी केली. सरांच्या हातातलं भिंग खाली पडलं. मी किंचाळायचीही विसरले. काका हार हातात धरून उभे.

काच हळूहळू खाली आली.

"बसताय," काकू म्हणाल्या, "का पुढच्या वर्षी बघू?"