दोन थापा

दौलतने ट्रकच्या फळीवर दोन थापा मारल्याशिवाय माझगावच्या त्या वखारीतून गाडी हलायची नाही. पंधरा वर्षं हाच रिवाज, आणि तो कुठल्या साहेबाने घालून दिलेला नव्हता. बंदरावर उतरलेले गिरण्यांचे बॉयलर आणि अवजड यंत्रं बिनकठड्याच्या ट्रकवर बांधून द्यायची, हे त्याचं काम. खाली ओंडके, बाजूंनी ठोकलेल्या पाचरी, वरून ओले करून ताणलेले दोरखंड आणि त्यांत दांडा घालून दिलेला पीळ. शेवटी तो चहूबाजूंनी फिरायचा, एकेक दोर बोटाने छेडायचा आणि मगच हात उचलायचा. पहिली थाप म्हणजे पाचरी पाहिल्या, दुसरी म्हणजे दोर पाहिले. ड्रायव्हर मागे वळूनही बघत नसे.

थापेआधी चाकापुढे नारळ फुटायचा. तोही दौलतच फोडायचा. छप्पनच्या डिसेंबरात त्याने घरच्यांसह बुद्धधर्माची दीक्षा घेतली आणि कामावर येऊन सांगून टाकलं, "नारळ यापुढे मी फोडणार नाही. बाकी काम तेच."

कोंडीराम मुकादम राजापूरकडचा. माणूस वाईट नव्हे, नुसता घाबरट. नारळ तो स्वतः फोडायला लागला, पण टोमणा मारल्याशिवाय त्याचा नारळ फुटेना.

"देव तर सोडलास, मेल्या. आता बॉयलर कोणाच्या भरवशावर बांधतोस?"

"दोराच्या, मुकादम."

यावर दगडू खो खो हसायचा. दगडू म्हणजे दौलतचा जोडीदार, करी रोडच्या एकाच चाळीत दोन खोल्या सोडून राहणारा. रस्त्यात दोरांवर नजर ठेवायला तो मालामागे, ट्रकच्या शेपटाला बसून जायचा.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात परळच्या एका गिरणीचा बॉयलर बांधून तयार झाला आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला. रस्ते बंद, दुकानं बंद. भरलेली गाडी दोन दिवस उन्हात तापत उभी. तिसऱ्या दिवशी सकाळी दौलतने दोर छेडला, तर त्यातून आवाजच येईना. ओला ताणलेला दोर वाळून ढिला पडला होता. पाचरी आकसल्या होत्या.

"सगळं पुन्हा आवळायला पाहिजे," तो म्हणाला. "दोन तास लागतील."

"दोन तास? अरे, दुपारी पुन्हा मोर्चा आहे. रस्ता अडला की आजचा दिवसही गेला! गिरणीतून तीनदा फोन आला." कोंडीरामचा जीव आधीच टांगणीला लागलेला. "आणि दुकानं उघडली नाहीत, नारळपण नाही मिळाला."

केबिनमधून राजाराम ड्रायव्हर ओरडला, "मुकादम, नारळ नाही म्हणून याचीच तंतरली बघा! देव नको म्हणतो आणि दोराचा बहाणा करतो!"

सगळी वखार हसली. दौलतचे कान तापले.

मागे चढून बसलेला दगडू म्हणाला, "मार रे थाप. नाहीतर हे वर्षभर बोलत बसतील. मी आहे ना मागे, ढिलं वाटलं तर बोंब ठोकतो."

दौलतने थाप मारली. एक. मग दुसरी.

चिंचपोकळीच्या पुलाचा चढ लागला आणि बॉयलर मागे सरकला. दगडूला बोंब ठोकायला सवड मिळाली नाही.

संध्याकाळपर्यंत लालबागपासून माझगावपर्यंत एकच बोलणं: नारळ फोडला नव्हता. कोंडीरामने दौलतला बाजूला घेतलं. त्याचे डोळे रडून सुजले होते.

"उद्या साहेब विचारील. तू पण नारळाचंच सांग. दैवाधीन म्हणून लिहितील नि मिटेल. तुझी भाकरी राहील, माझी राहील. फक्त पुढच्या गाडीपासून नारळ तू फोड, म्हणजे लोकांची तोंडं बंद."

"आणि दोर?"

"दोर कोण बघतंय रे आता!"

दुसऱ्या दिवशी दौलत साहेबापुढे उभा राहिला. "नारळ फुटला असता तरी बॉयलर घसरलाच असता. दोर सैल होते. मला माहीत होतं, मुकादमांना मी बोललो होतो. पण गाडी थापेवर हलते, आणि थाप मी मारली."

साहेबाने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं लिहून घेतलं. कोंडीराम कामावर राहिला. दौलतला त्याच दुपारी काढलं.

तिथून तो सरळ मीराबाईकडे गेला. दगडूची बायको दारातच बसली होती. त्याने तिलाही तेच सांगितलं.

"म्हणजे नारळामुळे नाही?"

"नाही, वहिनी."

"दोर सैल आहेत, ते तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी मारलीस थाप? चार माणसं हसली म्हणून?"

"हो."

"सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "कालपासून मी तुझ्या नव्या धर्मालाच शिव्या घालत होते. आता कुणाला घालायच्या ते कळलं." आणि तिने दार लावून घेतलं.

पुढे एकोणीस वर्षं दौलतने दादरच्या भाजीबाजारात पाट्या उचलल्या. चाळ सोडली नाही. दुसरी खोली परवडणार तरी कुठे होती! पण कोणाच्या दारावर त्याने पुन्हा थाप मारली नाही. काम असलं की बाहेर उभा राहून हाक मारायचा, दार उघडेपर्यंत थांबायचा. मीराबाईच्या दारावरून जाताना मात्र पावलं वाजू नयेत म्हणून चपला हातात घ्यायचा.