काचेमागचं इरलं

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातली आमची भातजमीन गोदामासाठी विकली, त्याच्या पुढच्या वर्षी मी वडिलांना घेऊन एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनातलं संग्रहालय बघायला गेलो. जुन्या वेटिंग रूममध्ये काचेच्या कपाटात इरलं ठेवलं होतं. लावणी करताना पावसासाठी पाठीवर घेतात ते, कामट्यांचं आणि पानांचं. खाली पाटी होती, ‘पूर्वीचे शेतकरी हे वापरत.’

वडिलांनी ती मला पुन्हा वाचायला लावली.

"पूर्वीचे म्हंजे कवाचे? विकायच्या आदल्या पावसात मी ह्येच घेऊन लावनी केली ना?"

मला पाटी लिहिणाऱ्याला धरून चिखलात उभं करावं, असं फार वाटलं.

परतताना भिवंडी आली, गोदामांची रांग सुरू झाली. आमच्या शेतावरचं गोदाम गेलं तरी त्यांनी मान वळवली नाही.

संग्रहालयाचं ऐकून आईला हुरूप आला. तिने माळ्यावरचं आमचं इरलं पुसून आणलं आणि नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये, आजोबांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी टांगायला घेतलं.

वडिलांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"तिथं नको," ते म्हणाले. "मी हाय आजून."