जेटीवरचे गुंड

तो सिनेमा लावायचं ठरलं तेव्हाच मी नको म्हणायला हवं होतं. पण नणंद अल रय्यानहून डबाभर सांदणं घेऊन आली होती, जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपलं होतं, रास लफानच्या गॅस प्लँटमध्ये राबणाऱ्या नवऱ्याला हक्काची सुट्टी होती, आणि माझ्या लेकीने टीव्हीवरची माहिती वाचून ओरडून सांगितलं, "मम्मा, इट्स इन मोंबासा!" मोंबासा म्हटलं की मी पाघळते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

माझा जन्म केनियातल्या मोंबासाचा. आजोबा रत्नागिरीकडून बोटीवर खलाशी म्हणून निघाले, मोंबासाला उतरले आणि परत बोटीवर चढलेच नाहीत. आम्ही घरात कोकणी बोलायचो, गल्लीत स्वाहिली आणि शाळेत इंग्रजी. मराठी वाचायला आजोबांनी शिकवलं, कारण गावाकडून येणारी पत्रं त्यांना दिसेनाशी झाली होती आणि कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. माझं लग्न ठरलं ते पुन्हा रत्नागिरीकडच्याच मुलाशी, आणि संसार झाला कतारला, मुऐदरच्या एका व्हिलाच्या वरच्या दोन खोल्यांत. त्यामुळे "तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं कुणी विचारलं की माझं उत्तर लांबतं आणि ऐकणारा मध्येच घड्याळ बघतो.

आई अजून तिथेच आहे, मोंबासाच्या जुन्या वस्तीत, त्याच घरात. तिला काचबिंदू आहे. एक डोळा गेलाच, दुसऱ्यात थोडा उजेड उरलाय. डॉक्टरांनी तिला सांगितलं आहे की हाही फार दिवसांचा सोबती नाही. तिने ते मला फोनवर अगदी सहज सांगितलं, किराण्याची यादी सांगावी तसं, आणि मग म्हणाली, "पोरीला एकदा आणून दाखव. दोन वर्षांची होती तेव्हा बघितलेली." लेक आता तेरा वर्षांची आहे.

मी त्या फोनपासून नवऱ्याच्या मागे लागले होते. पहिल्या वर्षी त्याच्या प्लँटचं शटडाऊन आलं. दुसऱ्या वर्षी सासूबाईंच्या आजारपणात गावाला जावं लागलं. यंदा काहीच आडवं आलं नव्हतं. डिसेंबरच्या सुट्टीत जायचं असं तो तोंडाने म्हणाला होता, पण तिकीट काढायची वेळ आली की "इन्शाल्ला, बघू" म्हणायचा. सोळा वर्षांच्या संसारात मी एक शिकले आहे. नवऱ्याने इन्शाल्ला म्हटलं तर काम होतं, आणि इन्शाल्लाच्या पुढे बघू लागलं की खलास.

तर सिनेमा. गोष्ट काय, तर हिंदुस्थानातली एक मुलगी नोकरीसाठी मोंबासाला जाते, तिथले गुंड तिला पळवतात आणि तिचा भाऊ तिला सोडवायला येतो. भाऊ विमानतळाबाहेर पाऊल टाकतो तोच समोर जिराफ! मी कपाळाला हात लावला. विमानतळाबाहेर आमच्याकडे टॅक्सीवाले उभे असतात, आणि ते जिराफापेक्षा जास्त त्रास देतात. पुढे रस्त्याकडेला सिंह. मी एकोणीस वर्षं मोंबासात काढली. आयुष्यातला पहिला सिंह पाहिला तो लग्नानंतर, मुंबईच्या राणीच्या बागेत, आणि तोही झोपलेला.

"असंच असतं काय गो तुमच्याकडं?" नणंदेने विचारलं.

"नाही हो आपा."

सगळं चित्र हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखं पिवळं. आमचं मोंबासा इतकं हिरवं की भिंतीवर शेवाळ धरतं. जो येतो तो सलाम म्हणून "जांबो" म्हणतो. पोलीस जांबो, भाजीवाली जांबो, गळ्यावर सुरा ठेवणारा गुंडसुद्धा आधी जांबो म्हणतो आणि मग सुरा ठेवतो. अरे, जांबो आम्ही पाहुण्या गोऱ्यांना म्हणतो! मोठ्या माणसाला शिकामू म्हणायचं असतं, नाहीतर आई पाठीत धपाटा घालते. मी हे सगळं मोठ्याने सांगत होते. लेक म्हणाली, "मम्मा, प्लीज, लेट मी वॉच."

मग जुनी वस्ती आली. माझी वस्ती! मी पुढे सरकून बसले. दोन अंधाऱ्या गल्ल्या, दारादारांत दारू पिऊन पडलेली माणसं, भिंतीला टेकून बंदुका. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आमच्या गल्लीत संध्याकाळी कॉफीवाला पितळी किटली घेऊन फिरतो आणि कप एकमेकांवर वाजवतो. त्या आवाजावर म्हातारे ओट्यावर येऊन बसतात. बायका काळ्या बुईबुईत, म्हणजे आपल्या बुरख्यासारखंच ते, दारात उभ्या राहून अर्ध्या गावाची लग्नं लावतात. दारू पिऊन त्या गल्लीत पडायची कुणाची छाती आहे? बायकाच सोलून काढतील.

"बापरे," नणंद सांदण मोडता मोडता म्हणाली, "अशा ठिकाणी जवान पोरीला नेणार तुम्ही? सांभाळून हां."

ती मनाने वाईट नाही. पण सरळ मनाची माणसं जेवढं नुकसान करतात तेवढं वाईट माणसांना जमत नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता आणि अंगठ्याने दाढी खाजवत होता. दाढी खाजवणं म्हणजे त्याचा विचार बदलत असतो.

"सिनेमा आहे तो," मी म्हणाले.

"ते ठीक आहे," तो म्हणाला. "पण अगदीच काही नसताना कोण बनवील? थोडंफार असणारच ना. आपण असं करू, ह्या वर्षी तू एकटी जाऊन ये. पोरीचं पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी आईला काय दिसणार आहे? मी ओरडले नाही, कारण ओरडले असते तर रडले असते, आणि नणंदेसमोर मला रडायचं नव्हतं. मी उठून चहा टाकायला जाणार, तेवढ्यात पडद्यावर समुद्र आला.

संध्याकाळचा समुद्र. माड, सुरूची झाडं, दगडी जेटी, बांधलेल्या होड्या, भरतीचं पाणी पायऱ्यांना चाटतंय. "हे बघ," मी लेकीचा हात धरला, "बघ, हे मात्र अगदी आमचं. हे खरं मोंबासा. अशाच जेटीवर मी शाळेतून येताना बसायचे, मिरची-लिंबू लावलेला तळलेला मोगो खात." मोगो म्हणजे कसावाचा कंद. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नणंदेनेही मान हलवली, "हां, हे छान हाय." मी मनात त्या सिनेमावाल्याचे दोनशे गुन्हे माफ केले.

त्या जेटीवर गुंडांनी मुलीला खांबाला बांधून ठेवलं होतं.

"थांब," नवरा म्हणाला. "मागं घे. मागं घे जरा."

लेकीने मागे घेतलं.

"आता थांबव."

चित्र थांबलं. नवरा उठून टीव्हीजवळ गेला, इतका जवळ की नाक लागेल. बोट पडद्यावर ठेवून म्हणाला, "तिसरी पायरी बघ. अर्धी तुटलेली. माझा पाय इथंच फुटलेला, सातवीत असताना. आणि हा मागं बर्फाचा कारखाना. पाटीवर चुना मारलाय, पण पत्रा तोच. आपा, बघ गो! ही आमच्या गावची जेटी हाय!"

नणंद सांदणाचा हात तसाच धरून उठली. दोघं भावंडं पडद्यासमोर उभी राहिली आणि पाच मिनिटं त्यांचंच चाललं. हा खांब. तो चिंचेखालचा रस्ता. इथे बाबा गळ टाकून बसायचे. मग नणंदेचा आवाज चढला. "मेल्यांनी बर्फाच्या कारखान्याचा अड्डा करून टाकला! आपले चाचा तिथं कामाला होते!"

"चाचांचं सोड," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. माझा नवरा चिडत नाही. प्लँटमध्ये सायरन वाजला तरी हा आधी बूट नीट बांधतो. "ह्या जेटीवर कधी कुणाची चप्पल चोरीला गेली नाय. रमजानमध्ये सगळं गाव इथं इफ्तारला येऊन बसतं. आणि हे इथं पोरी बांधून ठेवतात? बघणारे काय म्हणतील? गुंडांचं गाव म्हणतील. अरे, येऊन बघा म्हणावं आधी! दोन दिवस राहा, मग दाखवा!"

खरं तर बोलायला तोंडात वाक्यं मावत नव्हती, पण मी नुसती हाताची घडी घालून बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. तो बोलता बोलता माझ्याकडे वळला आणि मध्येच थांबला.

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही. मी तासभर हेच बोलतेय."

नणंद परत येऊन बसली आणि डब्याचं झाकण लावू लागली. नवरा उभाच होता. मागे पडद्यावर त्याच्या गावची जेटी, तिच्यावर चार गुंड, आणि वरती कोपऱ्यात लिहिलेलं, मोंबासा, केनिया. त्याने ते एकदा वाचलं. मग लेकीला विचारलं, "तुझी शाळा डिसेंबरात कधी बंद होते?"

तिकिटं त्याने तिथेच मोबाइलवर काढली. तीन. पासपोर्टचे नंबर त्याला पाठ नव्हते म्हणून मला कपाटातून फाइल काढून आणावी लागली. नणंद म्हणाली, "जाऊन या. नानीला माझा सलाम सांगा." मला वाटलं होतं, हा दिवस आला की मी आनंदाने नाचेन. पण मी फाइल हातात घेऊन उभी होते आणि मला भलताच राग येत होता, आणि तो कुणावर काढावा हे समजत नव्हतं.

ते लेकीने सांगितलं. ती सोफ्यावर पाय घेऊन बसली होती. "बट मम्मा," ती म्हणाली, "यू सेड दॅट वॉज युअर प्लेस. यू क्राइड."

नवरा हसला. नणंद हसली. मीही हसले, दुसरं काय करणार? एवढ्या सिनेमात मी एकाच ठिकाणी छातीवर हात मारून सांगितलं होतं की हे आमचं, आणि तेच नेमकं नवऱ्याचं निघालं. जिराफावर चिडले, जांबोवर चिडले, रंगावर चिडले. आणि ज्या सिनेमावाल्याला मी शिव्या घालत होते, त्याने मलाही फसवलं होतं.

संध्याकाळी आईला फोन लावला. तिकिटं काढली म्हटल्यावर ती म्हणाली, "पोरगी किती उंच झाली?" मी म्हटलं, माझ्या कानापर्यंत. मग कोळंबी आणू का, मोगो कुणाच्या गाडीवरचा, पोरीला नारळाचं पाणी चालतं का, असं तिचं सुरू झालं. तिला हसवावं म्हणून मी सिनेमाची गंमत सांगितली. जिराफ सांगितला, सिंह सांगितला, मग ती जेटी सांगितली आणि मी कशी रडले तेही.

"दगड कसला होता?" आईने विचारलं.

"जांभा. तांबडा."

"मोंबासात तांबडा दगड कुठं बघितलास तू? आपला पांढरा. पोवळ्याचा. उन्हात बघवत नाही इतका पांढरा. पाय घासला तर सोलून निघतो, लहानपणी किती वेळा सोलून आलीस."

खरंच. त्या पांढऱ्या दगडावर मी वाढले, आणि टीव्हीसमोर बसून तांबडा दगड बघून रडले, आणि मला एकदाही खटकलं नाही.

"अगो," आई म्हणाली, "डोळे माझे गेलेत. तुझे कशानं गेले?"